हृदय आणि फुफ्फुसांचा रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीत दुखणं, चालताना दम लागणं, फुफ्फुसात गुठळी असल्याची शंका अशा कारणांनी तपासण्या लिहून दिल्या की लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी, अडनिडे अपवाद खाली. अचानक छातीत दुखू लागलं असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, चक्कर येऊन पडायला झालं असेल किंवा खोकल्यातून रक्त येत असेल, तर हे पान नंतर वाचा. आधी तातडीच्या विभागात जा.

१. रक्तप्रवाह बघतात म्हणजे नक्की काय बघतात? रक्तवाहिनी दिसली की प्रवाह दिसलाच ना?

नाही, आणि बराचसा गोंधळ इथेच होतो. काही तपासण्या रक्तवाहिनीचा आतला आकार दाखवतात, म्हणजे ती कुठे अरुंद झाली आणि कुठे गुठळी अडकली. सीटी अँजिओ आणि कॅथेटर (बारीक नळी) घालून केलेली अँजिओग्राफी या प्रकारातल्या. दुसऱ्या काही तपासण्या त्या वाहिनीतून पुढे, स्नायूच्या किंवा फुफ्फुसाच्या पेशींपर्यंत रक्त किती पोचतंय ते दाखवतात. याला परफ्युजन म्हणतात. स्ट्रेस थॅलियम, पेट (PET) स्कॅन आणि फुफ्फुसांचा व्ही-क्यू स्कॅन यात येतात. डॉप्लर इको (इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) आणि एमआरआयचं एक तंत्र रक्ताचा वेग आणि दिशा मोजतात. डॉक्टर एकामागून एक तपासण्या लिहून देतात तेव्हा त्या बहुतेकदा एकच गोष्ट पुन्हा तपासत नसतात.

२. एकाच स्कॅनमध्ये हृदय आणि फुफ्फुसं दोन्ही का बघत नाहीत?

दोन्ही अवयव छातीत शेजारी असले तरी त्यांचा रक्तपुरवठा अगदी वेगळ्या तऱ्हेचा आहे. हृदयातून मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त बाहेर पडतं. तेवढंच सगळं रक्त फुफ्फुसांतूनही जातं, पण फार कमी दाबाने: तिथला सरासरी दाब पाऱ्याच्या १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला मात्र त्या ५ लिटरमधला जेमतेम ५ टक्के वाटा मिळतो, आणि तोही मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत. म्हणून डाय (वाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) कोणत्या क्षणी कुठे पोचायला हवा, चित्र केव्हा टिपायचं, श्वास कसा धरायचा, हे सगळं दोन्हीकडे वेगळं ठरतं. हृदयाच्या धमन्या, फुफ्फुसाच्या धमन्या आणि महाधमनी एकाच सीटीत बघण्याची पद्धत आहे, पण डाय आणि रेडिएशन दोन्ही जास्त लागतात. 'सगळंच बघून घेऊ' म्हणून ती करायची नसते.

३. टूडी इको नॉर्मल आलाय, पंपिंग ६० टक्के आहे. मग आणखी तपासण्या कशाला?

इको बहुधा तुम्ही आडवे, शांत पडलेले असताना होतो. हृदयाच्या धमनीत बराच अडथळा असला तरी विश्रांतीच्या वेळी रक्त पुरेसं पोचतं आणि भिंती व्यवस्थित हलतात. के. लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये प्रयोगातून दाखवलं की धमनीचा व्यास सुमारे ८५ टक्के अरुंद होईपर्यंत विश्रांतीचा प्रवाह फारसा घटत नाही, मात्र श्रमाच्या वेळी वाढू शकणारा कमाल प्रवाह ५० टक्क्यांच्या आसपासच कमी होऊ लागतो. विश्रांतीचा इको झडपा, भिंती, पंपिंग आणि उजव्या बाजूवरचा ताण यांसाठी उत्तम आहे. 'ब्लॉकेज नाही' असं मात्र तो सांगू शकत नाही.

४. इकोच्या रिपोर्टमध्ये 'पीए प्रेशर ४६' लिहिलंय. फुफ्फुसांचा बीपी वाढलाय का?

कदाचित. पीए म्हणजे फुफ्फुसाची धमनी. पण तो आकडा मोजलेला नसून काढलेला आहे, हे आधी लक्षात घ्या. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून थोडं रक्त मागे गळतं. बहुतेक निरोगी माणसांतही गळतं. डॉप्लरने त्या गळतीचा वेग मोजतात, वेगाचा वर्ग करून ४ ने गुणतात आणि त्यात उजव्या वरच्या कप्प्यातल्या दाबाचा अंदाज मिळवतात. वेग सेकंदाला ३.२ मीटर असेल तर ४१ येतात, त्यात ५ मिळवले की झाले ४६.

यात चुका सहज होतात. गळतीच्या दिशेत तपासणीचा कोन नीट बसला नाही तर वेग कमी दिसतो. गळती अगदी थोडी असेल तर तिची कड स्पष्ट येत नाही. उजव्या वरच्या कप्प्याचा दाब तर पोटातली मोठी शीर किती फुगली आहे यावरून ठरवतात. खरा दाब दहा-एक आकडे इकडे तिकडे असणं नवलाचं नाही. म्हणून रिपोर्टमध्ये दाबापेक्षा मूळ वेग बघावा असं माझं मत आहे. २.८ किंवा त्याखाली असेल आणि बाकी लक्षणं नसतील तर शक्यता कमी, ३.४ च्या वर असेल तर जास्त. मधल्या पट्ट्यात उजवा खालचा कप्पा मोठा झालाय का, हृदयाचा मधला पडदा डावीकडे ढकलला गेलाय का, हे पाहून ठरवतात.

पल्मोनरी हायपरटेन्शनचं, म्हणजे फुफ्फुसांच्या वाढलेल्या बीपीचं, निदान पक्कं होतं ते उजव्या हृदयात कॅथेटर घालून दाब प्रत्यक्ष मोजल्यावरच. सध्याच्या व्याख्येत विश्रांतीचा सरासरी दाब २० च्या वर असावा लागतो. पूर्वी ही रेषा २५ होती. इकोचा ४६ हा आकुंचनाच्या वेळचा वरचा दाब आहे, त्यामुळे तो थेट २० शी ताडून पाहू नका. एक अपवादही आहे. पल्मोनरी झडपच अरुंद असेल तर या हिशेबाने उजव्या खालच्या कप्प्यातला दाब कळतो, फुफ्फुसाच्या धमनीतला नाही.

५. स्ट्रेस थॅलियममध्ये नक्की काय करतात? त्यात दिवस का जातो?

तुमचं हृदय व्यायामाने किंवा औषधाने ताणाखाली आणतात आणि ताण ऐन भरात असताना शिरेतून किरणोत्सारी द्रव्य देतात. बहुतेक केंद्रांत हे द्रव्य आता थॅलियम नसून टेक्नेशियमवर आधारलेलं असतं. ते ज्या भागात जास्त रक्त गेलं तिथे जास्त शिरतं आणि तिथेच टिकून राहतं. म्हणून फोटो अर्ध्या-पाऊण तासाने काढला तरी त्यात दिसतो तो सुई दिली त्या क्षणाचा प्रवाह. विश्रांतीचे फोटो वेगळे काढतात आणि दोन्ही शेजारी ठेवून तुलना करतात. काही केंद्रं ताणाचे फोटो आधी काढतात. ते स्वच्छ आले तर विश्रांतीचे काढावेच लागत नाहीत. वेळही वाचतो, रेडिएशनही.

६. तपासणीआधी चहा-कॉफी बंद का? आणि मला पट्ट्यावर चालता येत नाही, मग काय करायचं?

गुडघे दुखतात किंवा दम लागतो अशांना ॲडेनोसिन किंवा रेगाडेनोसोनसारखं औषध देऊन हृदयाच्या वाहिन्या रुंदावतात. कॅफिन नेमकं याच औषधाचं काम अडवतं. तपासणीआधी कॉफी घेतली असेल तर वाहिन्या नीट रुंदावत नाहीत आणि आजार असूनही स्कॅन चांगला दिसू शकतो. किमान १२ तास, बऱ्याच केंद्रांत २४ तास कॅफिन बंद ठेवायला सांगतात. त्यात चहा, कोला, चॉकलेट आणि कॅफिन असलेल्या काही वेदनाशामक गोळ्याही आल्या. चुकून प्यायला असाल तर सुई देण्याआधी सांगा. तारीख पुढे ढकलणं परवडतं, खोटा नॉर्मल रिपोर्ट परवडत नाही.

दमा असेल, छातीतून सुईसुई आवाज येत असेल, तर ॲडेनोसिन टाळतात आणि डोब्युटामाइन वापरतात. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर तेही कॅफिनसारखंच आड येतं, पण ते स्वतःहून बंद करू नका. उलट ईसीजीत डावा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणारा विजेचा मार्ग अडलेला) असेल किंवा पेसमेकर हृदय चालवत असेल, तर चालता येत असूनही औषधाचाच ताण बरा. व्यायामाने अशा लोकांत मधल्या पडद्यावर खोटा दोष दिसतो.

७. अँजिओग्राफीत ६० टक्के ब्लॉकेज आहे, पण स्ट्रेस स्कॅन नॉर्मल आहे. खरं कोणाचं धरायचं?

बहुतेक वेळा दोघांचंही. टक्केवारी बाहेरून दिसणाऱ्या सावलीवरून ठरते. अडथळा किती लांब आहे, तो कुठे आहे, त्याच्यापुढे किती स्नायू त्या धमनीवर अवलंबून आहे आणि आडवाटेने किती रक्त येतंय, हे त्या एका आकड्यात मावत नाही. कॅथेटरमधून दाबाची तार घालून अडथळ्याच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजतात. त्या गुणोत्तराला एफएफआर म्हणतात. ०.८० किंवा त्याहून कमी असेल तर अडथळा प्रवाहाला नडतोय असं मानतात. फेम या अभ्यासात डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटलेल्या अडथळ्यांपैकी या कसोटीवर नडणारे निघाले ते साधारण एक-तृतीयांशच.

मग नडणारा प्रत्येक अडथळा स्टेंट टाकून उघडायचाच का? इस्केमिया या मोठ्या चाचणीत स्थिर आजार आणि ताणाच्या तपासणीत मध्यम किंवा तीव्र दोष असलेल्या ५,१७९ रुग्णांचा मागोवा घेतला होता. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. आधी औषधं आणि गरज पडली तरच अँजिओग्राफी, या मार्गाच्या तुलनेत सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केल्याने हार्ट अटॅक आणि मृत्यू एकत्र धरले तर कमी झाले नाहीत. छातीत दुखणं मात्र जास्त कमी झालं. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा पंपिंग खूप घटलेले रुग्ण त्यात नव्हते, त्यांना हे लागू करू नका. नुकताच हार्ट अटॅक आलेल्यांनाही नाही.

८. अँजिओग्राफी साफ आहे, तरी चालताना छातीत दुखतं. मनाचे खेळ आहेत का?

असं कुणी म्हणालं असेल तर दुसरं मत घ्या. अँजिओग्राफीत दिसतात त्या मोठ्या धमन्या. स्नायूच्या आतल्या बारीक वाहिन्या तिच्यात दिसतच नाहीत, आणि त्या नीट रुंदावत नसतील तरी स्नायूला रक्त कमी पडतं. हे स्त्रियांमध्ये जास्त आढळतं. अशा वेळी पेट स्कॅन उपयोगी पडतो, कारण तो एक ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळालं हे आकड्यात सांगतो. ताणाखालचा प्रवाह विश्रांतीच्या दुपटीहून कमी असेल तर राखीव क्षमता घटलेली समजतात. ताणाचा एमआरआय किंवा कॅथेटरमधून केलेलं मोजमापही चालतं. धमनी अधूनमधून आवळली जाण्याचा आजार वेगळा. त्याची चाचणी कॅथ लॅबमध्येच, म्हणजे जिथे कॅथेटर घालतात तिथेच, होते.

९. स्ट्रेस स्कॅन नॉर्मल आला आणि नंतर तिन्ही धमन्या खराब निघाल्या, असं कसं होतं?

क्वचित होतं, पण होतं. साधा स्कॅन हृदयाच्या भागांची आपसात तुलना करतो. सगळा वर्ग काठावर पास झाला तरी पहिला नंबर कुणाचा तरी येतोच, तसं तिन्हीकडे प्रवाह सारखाच घटला तर चित्र एकसारखं, म्हणून चांगलं दिसतं. अनुभवी डॉक्टर म्हणून इतर खुणा शोधतात: ताणानंतर डावा कप्पा मोठा दिसतोय का, पंपिंग घसरलं का, ईसीजीत बदल आहेत का, रक्तदाब पडला का. पेटमध्ये प्रत्यक्ष प्रवाह मोजला जातो, त्यामुळे ही फसगत बरीच टळते (प्रश्न ८).

१०. रिपोर्टमध्ये 'रिव्हर्सिबल' आणि 'फिक्स्ड डिफेक्ट' लिहिलंय. कोणता वाईट?

ताणाखाली दिसून विश्रांतीत नाहीसा होतो तो रिव्हर्सिबल. तिथला स्नायू जिवंत आहे, पण श्रमात त्याला रक्त अपुरं पडतं. दोन्ही वेळा दिसतो तो फिक्स्ड, बहुधा जुन्या अटॅकचा व्रण. बहुधा म्हणण्याची दोन कारणं आहेत. स्तन किंवा छाती-पोटामधला पडदा किरणं अडवतो आणि खोटा फिक्स्ड दोष दिसतो. पालथं झोपवून पुन्हा फोटो काढले की तो अनेकदा जातो. दुसरं म्हणजे दीर्घकाळ कमी रक्तावर राहिलेला स्नायू काम थांबवतो, पण मेलेला नसतो. तो शोधायला ग्लुकोजसारखं द्रव्य वापरणारा पेट किंवा गॅडोलिनियम (एमआरआयचा डाय) देऊन केलेला एमआरआय लागतो.

११. फुफ्फुसात गुठळीची शंका आहे. सीटी करायचा की व्ही-क्यू स्कॅन?

तातडीत बहुतेक ठिकाणी सीटी पल्मोनरी अँजिओ. तो काही सेकंदांत होतो, गुठळी प्रत्यक्ष दिसते, आणि न्यूमोनिया किंवा महाधमनी फाटणं असं दुसरं कारण असेल तर तेही कळतं. व्ही-क्यूमध्ये हवा कुठे पोचते आणि रक्त कुठे पोचतं याची दोन चित्रं जुळवून बघतात. हवा आहे पण रक्त नाही, अशी जागा सापडली तर गुठळीचा संशय पक्का होतो. दोन्ही नसतील तर कारण दुसरं असू शकतं, कारण ज्या भागात हवा जात नाही तिथल्या वाहिन्या फुफ्फुस स्वतःच आवळून घेतं. म्हणूनच छातीचा एक्स-रे आधीच खराब असेल, जुना दमा किंवा मोठा न्यूमोनिया असेल, तर व्ही-क्यू वाचणं अवघड जातं. एक्स-रे स्वच्छ आहे आणि डाय नको आहे, अशा माणसाला तो छान बसतो.

सीटीच्या वेळी 'श्वास धरा' म्हटलं की अनेक जण छाती फुगवून जोरात ओढतात. तसं नको. जोरात ओढला की पोटाकडून डाय नसलेलं रक्त वेगाने वर येतं, फुफ्फुसाच्या धमनीतला डाय फिका पडतो आणि चित्र वाया जातं. हलकेच घ्या आणि तिथेच थांबवा.

१२. डी-डायमर वाढलाय. लगेच सीटी करू?

एकट्या डी-डायमरवरून (गुठळी विरघळताना रक्तात येणारा अंश) नको. शस्त्रक्रिया, संसर्ग, कर्करोग, गरोदरपण, नुसतं वाढलेलं वय, कशानेही तो वाढतो. त्याचं बळ नकारात आहे. लक्षणांवरून शक्यता कमी वाटत असेल आणि डी-डायमर मर्यादेत असेल, तर स्कॅनची गरज नसते. पन्नाशीपर्यंत मर्यादा बहुधा ५०० (लिटरला मायक्रोग्रॅम) धरतात, पुढे वयाला १० ने गुणून; म्हणजे ७२ व्या वर्षी ७२०. प्रयोगशाळेचं एकक वेगळं असेल तर हे गणित बसत नाही, रिपोर्टवरचं एकक डॉक्टरांना दाखवा. शक्यता मुळातच जास्त असेल तर डी-डायमरची वाट न बघता थेट स्कॅन करतात.

१३. व्ही-क्यू स्कॅनमध्ये कण सोडून फुफ्फुसाच्या वाहिन्या बंद करतात म्हणे. हे धोक्याचं नाही का?

ऐकायला भयंकर वाटतं, पण खरं आहे. अल्ब्युमिनचे अतिसूक्ष्म कण शिरेतून देतात आणि ते फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्यांत अडकतात. अडकतात म्हणूनच रक्त कुठवर गेलं ते कळतं. दर हजार वाहिन्यांमागे एकही भरत नाही इतकं हे प्रमाण कमी असतं आणि कण काही तासांत विरघळतात. तीव्र पल्मोनरी हायपरटेन्शन, लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि हृदयात उजवीकडून डावीकडे रक्त जाणारं छिद्र असलेले रुग्ण, यांना कणांची संख्या मुद्दाम कमी ठेवतात. यातलं काही असेल तर आधी सांगा. सुई आडवं झोपवून देतात, कारण उभं असताना रक्त खालच्या भागाकडे जास्त जातं आणि वरचा भाग उगाच रिकामा दिसतो.

१४. गरोदर आहे किंवा बाळाला अंगावर पाजते. कोणता स्कॅन चालेल?

गुठळीची शंका रास्त असेल तर रेडिएशनच्या भीतीने तपासणी टाळणं जास्त धोक्याचं आहे. पाय सुजला असेल तर आधी पायाची सोनोग्राफी करतात. तिथे गुठळी सापडली तर उपचार सुरू होतात आणि बहुधा छातीचा स्कॅन लागत नाही. नाहीतर एक्स-रे स्वच्छ असल्यास फक्त परफ्युजनचा भाग कमी मात्रेत करतात. सीटीही चालतो. दोन्हींत गर्भापर्यंत पोचणारं रेडिएशन फार कमी असतं. स्तनांना मात्र सीटीत जास्त मिळतं. गॅडोलिनियम गरोदरपणात टाळतात.

सीटीच्या डायनंतर पाजणं थांबवायची गरज नाही. परफ्युजन स्कॅननंतर साधारण १२ तास थांबायला सांगतात, त्यासाठी दूध आधीच काढून ठेवता येतं.

१५. क्रिएटिनिन वाढलंय, मेटफॉर्मिन चालू आहे, शिवाय कोळंबीची ॲलर्जी आहे. डाय चालेल का?

तीन वेगळे मुद्दे आहेत. किडनीच्या कामाचा आकडा, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर आयोडीनच्या डायबद्दल खरी काळजी घ्यावी लागते आणि त्याच स्थितीत मेटफॉर्मिन ४८ तास थांबवून किडनी पुन्हा तपासतात. आकडा बरा असेल तर बहुधा गोळी थांबवावी लागत नाही. कोळंबीच्या ॲलर्जीचा डायशी खास संबंध नाही, हा समज फार जुना आणि फार चिवट आहे. विचारायचं ते असं: याआधी डाय दिल्यावर अंगावर गांधी, घसा आवळणं किंवा बीपी पडणं झालं होतं का? झालं असेल तर डायचा प्रकार बदलतात, पूर्वतयारीची औषधं देतात किंवा डाय न लागणारी तपासणी निवडतात. व्ही-क्यू त्यातलीच एक. थायरॉइड जास्त काम करत असेल तर तेही सांगा.

१६. यात रेडिएशन किती मिळतं?

जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतं. छातीचा एक्स-रे ०.१ च्या आत. व्ही-क्यू २ च्या आसपास. आधुनिक यंत्रावर फुफ्फुसाचा किंवा हृदयाचा सीटी अँजिओ साधारण २ ते ५, जुन्या यंत्रावर बराच जास्त. टेक्नेशियमचा पूर्ण स्ट्रेस स्कॅन १० च्या घरात, खऱ्या थॅलियमचा त्याहून जास्त. इको आणि एमआरआय शून्य. एकदा गरजेपोटी केलेल्या स्कॅनने घाबरू नये. 'वर्षभर झालं, पुन्हा एकदा बघून घेऊ' म्हणून लक्षणांशिवाय केलेल्या स्कॅनला मात्र जरूर प्रश्न विचारावा.

१७. स्टेंट किंवा पेसमेकर आहे. एमआरआय, सीटी चालेल?

हृदयाच्या स्टेंटमुळे एमआरआय अडत नाही. पेसमेकरचं कार्ड घेऊन जा. एमआरआयला चालणारा असेल तर त्याची सेटिंग तात्पुरती बदलून तपासणी करतात. सीटीत धोका नाही, पण ३ मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटच्या आतलं नीट दिसत नाही. खूप कॅल्शियम साठलेल्या धमनीतही अडथळा आहे त्यापेक्षा मोठा भासतो. अशांना थेट परफ्युजनची तपासणी बरी.

१८. फुफ्फुसातल्या गुठळीवर रक्त पातळ करण्याची औषधं नीट घेतली. सीटी चांगला आहे, तरी जिना चढताना दम लागतो.

किमान ३ महिने नीट उपचार होऊनही दम टिकला असेल तर जुन्या गुठळ्या वाहिनीच्या भिंतीला चिकटून राहिल्या आहेत का, हे बघायला हवं. यासाठी व्ही-क्यू सीटीपेक्षा जास्त विश्वासाचा आहे. अशा गुठळ्या सीटीत पातळ जाळीसारख्या दिसतात आणि सवय नसलेल्या नजरेतून निसटतात. व्ही-क्यू नॉर्मल आला तर हा आजार जवळजवळ बाद होतो. दोष दिसले तर इको आणि उजव्या हृदयाचं कॅथेटर (प्रश्न ४). या प्रकारच्या पल्मोनरी हायपरटेन्शनवर शस्त्रक्रियेने गुठळी सोलून काढता येते, काहींना फुग्याने वाहिनी उघडता येते. म्हणून तो शोधणं महत्त्वाचं. मात्र लक्षणं नसताना स्कॅनमध्ये राहिलेले थोडे दोष अनेकांत असतात, तेवढ्यावरून आजार ठरत नाही.

१९. जन्मजात छिद्र आहे. रिपोर्टमध्ये 'क्यूपी-क्यूएस १.८' आहे, ते काय?

फुफ्फुसाकडे जाणारा प्रवाह भागिले शरीराकडे जाणारा प्रवाह. नॉर्मल १. इथे १.८ म्हणजे बरंचसं रक्त पुन्हा पुन्हा फुफ्फुसातच फिरतंय. इकोवरून काढलेला हा आकडा डळमळीत असतो. एमआरआयमध्ये दोन मोठ्या धमन्यांतला प्रवाह वेगवेगळा मोजतात, त्यामुळे तो जास्त भरवशाचा. वरच्या कप्प्यांतलं छिद्र बंद करण्याचा विचार साधारण १.५ पासून सुरू होतो, पण फुफ्फुसाच्या वाहिन्यांचा प्रतिरोध फार वाढला असेल तर बंद करणं घातक ठरू शकतं.

ग्लेन शस्त्रक्रिया झालेल्या मुलांबाबत एक खबरदारी आहे. त्यांच्या वरच्या अंगाचं रक्त थेट फुफ्फुसांत जातं. हाताच्या शिरेतून सुई दिली तर फक्त त्याच रक्ताची वाटणी दिसते, पायातून दिली तर वेगळंच चित्र. परफ्युजन स्कॅन करणाऱ्यांना ही शस्त्रक्रिया आधी सांगाच.

२०. लिव्हरचा आजार आहे आणि 'बबल इको' सांगितलाय. लिव्हरसाठी हृदयाची तपासणी?

खरं तर फुफ्फुसासाठी. हलवून सूक्ष्म बुडबुडे केलेलं सलाईन शिरेतून देतात. हे बुडबुडे फुफ्फुसात गाळले जातात, डावीकडे दिसायला नकोत. तीन ठोक्यांच्या आत डावीकडे दिसले तर हृदयात छिद्र असण्याची शक्यता जास्त, त्याहून उशिरा दिसले तर फुफ्फुसातल्या वाहिन्या फाजील रुंदावल्या असाव्यात. लिव्हरच्या काही रुग्णांत असं होऊन ऑक्सिजन कमी पडतो.

२१. स्कॅननंतर दोन दिवसांनी विमानप्रवास आहे. काही अडचण?

टेक्नेशियमची तीव्रता दर ६ तासांनी निम्मी होते, पण काही विमानतळांवरची यंत्रं फार संवेदनशील असतात आणि दोन-तीन दिवस वाजू शकतात. थॅलियम दिलं असेल तर काही आठवडेसुद्धा. केंद्राकडून द्रव्याचं नाव आणि तारीख लिहिलेलं पत्र घ्या आणि ते सामानात न टाकता हाताशी ठेवा. सीटीच्या डायने यंत्र वाजत नाही.